आठ महिने आणि चार वाचने : 'फाइव्ह सेंटिमीटर्स पर सेकंद' ही मंगा

पहिल्या वाचनात मला या मंगाचा, म्हणजे जपानी चित्रकथेचा, नायक ताकाकी तोनो याच्याबद्दल इतके वाईट वाटले होते की पुस्तक मिटल्यावर बराच वेळ मी दुसरे काही हाती घेतले नाही. आठ महिन्यांनंतर, चौथ्या वाचनात, मला त्याचा चक्क राग आला. पुस्तक तेच असताना असे का झाले, हे सांगण्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

माकोतो शिंकाई यांचा याच नावाचा ६३ मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट २००७ मध्ये आला. त्यावर आधारित मंगा युकिको सेइके यांनी रेखाटली आणि ती २०१०-११ मध्ये कोदान्शा या जपानी प्रकाशनाच्या 'आफ्टरनून' या मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. जपानीत तिचे दोन खंड आहेत. व्हर्टिकल या प्रकाशनाने २०१२ मध्ये इंग्रजी अनुवाद काढताना दोन्ही एकाच जाड पुस्तकात बांधले आणि माझ्याकडे हीच प्रत आहे.

ताकाकी आणि आकारी शिनोहारा टोकियोतल्या एका प्राथमिक शाळेत भेटतात. वडिलांच्या बदल्यांमुळे दोघांनाही गावे सोडण्याची सवय झालेली असते आणि मैदानापेक्षा ग्रंथालयात दोघांचे मन अधिक रमते. माझे वडील बँकेत होते. दर तीन-चार वर्षांनी नवी शाळा, नवा बाक आणि 'पत्र लिही हं' असे सांगून मागे राहणाऱ्या मैत्रिणी मला चांगल्या ठाऊक आहेत, त्यामुळे ही सुरुवात मला परकी वाटली नाही. पुढे आकारी तोचिगीला जाते, ताकाकीला दूर दक्षिणेकडे कागोशिमाला जावे लागणार असे ठरते, आणि त्याआधी एकदा भेटावे म्हणून तो शिंजुकूहून निघून ओमिया, ओयामा अशा गाड्या बदलत इवाफुने या छोट्या स्थानकाकडे जातो. बर्फामुळे गाड्या रखडतात. सातची भेट रात्री अकरानंतर होते आणि आकारी प्रतीक्षालयातल्या शेगडीजवळ तशीच बसलेली असते. हा प्रवास चित्रपटात आपण चित्रपटाच्या वेगाने पाहतो, मंगात मात्र पान उलटण्याचा वेग आपल्या हाती असतो. पहिल्या वेळी मी अधीरपणे पाने उलटली. नंतरच्या वाचनांत स्थानकाच्या रिकाम्या फलाटावर मीच थांबू लागले, कारण या दोघांना एकमेकांसोबत मिळालेला वेळ किती थोडा आहे हे तोवर कळलेले होते.

शिंकाई यांच्या चित्रपटाची ख्याती आकाश, प्रकाश आणि रंग यांच्यामुळे आहे, त्यामुळे काळ्या-पांढऱ्या पानांत तो उतरेल कसा, अशी शंका होती. रंग गेले हे खरे. पण चेरीच्या पडणाऱ्या पाकळ्या 'बर्फासारख्या' दिसतात असे आकारी म्हणते, आणि रंगच नसल्यामुळे मंगाच्या पानावर चेरीची पाकळी व बर्फाचा कण यांत भेद उरतच नाही. हा लाभ चित्रपटाला नाही. (जाता जाता: चेरीची पाकळी सेकंदाला पाच सेंटिमीटर वेगाने पडते असे आकारी सांगते, नाव त्यावरूनच. सेकंदाला पाच सेंटिमीटर म्हणजे मिनिटाला तीन मीटर. एका मजल्याच्या उंचीवरून पडायला पाकळीला पूर्ण मिनिट लागेल, हे काही खरे नव्हे. पण आकारी तेव्हा शाळकरी मुलगी आहे आणि ती हे ऐटीत सांगते, म्हणून चालते.)

पुस्तकाचा खरा ऐवज मात्र पुढे आहे. कागोशिमातल्या तानेगाशिमा बेटावर ताकाकीच्या शाळेतली कानाए सुमिदा त्याच्यावर जीव लावून असते, शाळा सुटल्यावर तो निघण्याची वाट पाहते, लाटेवर उभे राहता आले की मनातले सांगायचे असे ठरवते. तो तिच्याशी अतिशय सौजन्याने वागतो आणि दृष्टी मात्र तिच्या पलीकडे कुठेतरी लावून बसतो. मोबाईलवर निरोप लिहितो आणि ते कोणालाच पाठवत नाही. अंतराळ केंद्राकडे ताशी पाच किलोमीटर वेगाने नेला जाणारा अग्निबाण दोघे पाहतात, तेव्हा पाचाचा हा आकडा ताकाकीला कुठे घेऊन जातो हे वाचकाला कळते, कानाएला नाही. चित्रपटाचा तिसरा भाग सर्वांत छोटा असून त्यातला बराचसा एका गाण्यावर धावतो, त्यामुळे टोकियोत ताकाकीच्या आयुष्यात आलेली रिसा मिझुनो तिथे जेमतेम दिसते. सेइके तिला भरपूर पाने देतात. हजार निरोपांनंतरही दोन मने सेंटिमीटरभरच जवळ आली, हे तिचे म्हणणे चित्रपटात एक सुंदर वाक्य वाटते. मंगात ते तक्रारीसारखे ऐकू येते आणि ती तक्रार रास्त आहे. आकारीने तर तिचे आयुष्य पुढे नेलेले असते. मग हा एकटाच मागे का राहतो, आणि त्याची किंमत इतरांनी का मोजावी? माझा राग इथलाच. सेइके स्वतः त्याला दोषी ठरवत नाहीत, पण त्याच्या शेजारी बसलेल्या मुलींचे चेहरे त्या इतक्या जवळून काढतात की वाचकाला दुसरीकडे पाहता येत नाही. शेवटी कथा कानाएकडे परतते, हा मला चित्रपटापेक्षा न्याय्य निर्णय वाटतो, जरी काही चाहत्यांना त्यामुळे मूळ शेवटाची धार बोथट झाली असे वाटेल.

प्रतीबद्दल थोडक्यात सांगते. दोन खंड एकत्र बांधल्याने पुस्तक पूर्ण उघडत नाही आणि जोडपानांवरील चित्रांचा मधला भाग शिवणीत हरवतो. जोर लावून सपाट केल्यामुळे माझ्या प्रतीच्या कण्यावर आता दोन पांढऱ्या रेघा उमटल्या आहेत. टॅबलेटवर वाचल्यास हा त्रास टळेल. उजवीकडून डावीकडे वाचण्याची सवय नसलेल्यांना पहिली वीस-पंचवीस पाने अवघड जातील, नंतर डोळे सरावतात.

चित्रपट आधी पाहावा आणि मंगा निदान महिनाभराने वाचावी, असे मी सुचवेन. लागोपाठ वाचल्यास गाणे कानात राहते आणि रिसाचे बोलणे नीट ऐकू येत नाही.