लायसन्सवाल्याला पैसे नेमके कशाचे द्यायचे? ठाण्यातल्या एका ऑफिसचा रिव्ह्यू

ठाण्यात छोटं दुकान किंवा खाण्याचा धंदा असेल तर वाचा, बाकीच्यांना बोअर होईल. खारकर आळीत पहिल्या मजल्यावर एक ऑफिस आहे, गुमास्ता (म्हणजे दुकानाची सरकारी नोंदणी), फूड लायसन्स, प्रोफेशनल टॅक्स, जीएसटी अशी सगळी कामं करून देतात. नाव टाकत नाहीये कारण ऑफिसवाल्या दादांनीच हात जोडले, म्हणाले ताई नका, आत्ताच फोन घ्यायला माणूस पुरत नाही. पाचात साडेतीन स्टार देते. दीड कुठे कापला ते येईलच खाली.

आमचं पाचपाखाडीला पोळीभाजी केंद्र आहे, मी आणि माझी जाऊ मिळून चालवतो, पोळ्यांना चार बायका आणि डिलिव्हरीला एक मुलगा. एवढ्याशा दुकानाला कसले आलेत नियम असं वाटतं ना, पण खरं सांगू, मोठ्या हॉटेलवाल्याकडे सीए असतो, वकील असतो, मंत्रालयात काय चाललंय ते त्याला आधी कळतं, आपल्याला कळतं ते दारात कोणीतरी पावतीबुक घेऊन उभं राहिल्यावर.

आधी स्वस्तातलं सांगते. फॉर्म भरून देण्याचे पैसे कोणालाच देऊ नका, ह्यांनाही नाही. गुमास्त्याचा नवा कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला, त्यात दहापेक्षा कमी कामगार असतील तर रजिस्ट्रेशन नाहीच, ऑनलाइन नुसती माहिती द्यायची आणि पावती घ्यायची, फी अगदी नाममात्र. तरी आजूबाजूला लोक ह्याचे दोन-दोन, तीन-तीन हजार देतायत. २०२५ मध्ये तर सरकारने ही दहाची मर्यादा वीसवर न्यायचं ठरवलं, म्हणजे अजून कितीतरी दुकानं त्या कटकटीतून सुटणार. फूड लायसन्समध्ये पण छोट्यांसाठी जे साधं रजिस्ट्रेशन असतं त्याची सरकारी फी वर्षाला शंभर रुपये आहे, शंभर! ह्या दोन्ही कामांचे दादांनी माझ्याकडून जे घेतले ते जास्तच घेतले. अर्धा स्टार तिथे गेला.

मग त्यांच्याकडे जायचं कशाला, तर नियम बदलला की तो आपल्याला लागतो का नाही हे सांगायला. ह्यात माणूस पक्का आहे.

पाट्यांचंच घ्या. आमच्या लाइनीतले सगळे दुकानदार म्हणायचे मराठी पाटीचा नियम मोठ्यांना आहे, आपल्याला नाही. आणि ते चूक नव्हतं, २०१८ च्या नियमात दहा आणि त्याहून जास्त कामगार असलेल्यांनाच सक्ती होती. मार्च २०२२ मध्ये कायदाच बदलला, दहाच्या आतल्यांनाही मराठी पाटी कंपल्सरी, आणि नुसतं कोपऱ्यात मराठी लिहून भागत नाही, मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान असून चालत नाहीत. आमच्या बोर्डावर वर इंग्लिश नाव झोकात आणि खाली मराठी बारीक, कारण फ्लेक्सवाल्याच्या पोराला ते छान दिसत होतं. दादा स्वतः आले, आमच्या बरण्या काढायच्या स्टुलावर चढले, टेप लावली, इंग्लिश अक्षर नऊ इंच, मराठी सहा. जाऊ म्हणाली झालं, आता नवीन बोर्ड. ते म्हणाले अजिबात नाही, पेटी तशीच ठेवा, वरची ओळ खाली घ्या, खालची वर आणि मोठी करा, नुसता कपडा बदला. एका दुपारचं काम झालं. हे आम्ही २०२२ च्या पावसाळ्याआधीच उरकलं. नंतर २५ सप्टेंबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने दुकानदारांना दोन महिन्यांत पाट्या बदला म्हणून सांगितलं आणि दिवाळीच्या तोंडावर जी पळापळ झाली म्हणता, पाटीवाले फोन उचलेनात, आणि उचलला तर सांगतील तो भाव.

दुसरं प्लास्टिक. ह्यात लोकांचा इतका गोंधळ आहे की बास. जांभळी नाक्याला होलसेलवाला पिशवी हातात देतो आणि म्हणतो मॅडम एकशे वीस मायक्रॉन जाडीची आहे, चालते. तो केंद्राचा नियम सांगतोय, ३१ डिसेंबर २०२२ पासून देशात कॅरीबॅग १२० मायक्रॉनच्या खाली नको. पण महाराष्ट्राची बंदी त्याच्या आधीची आणि जास्त कडक आहे, २३ मार्च २०१८ ची, आणि आपल्याकडे प्लास्टिकची कॅरीबॅग जाडी कितीही असो, चालत नाही. दंड पहिल्यांदा पाच हजार, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. पाच हजार म्हणजे आमच्या किती पोळ्या होतात ते मी हिशोब करत बसत नाही. होलसेलवाल्याला सुटं राहता येतं, पकडतात ते आपल्याला. दादांनी एका कागदावर दोन रकाने करून दिले, आमच्या दुकानात काय चालतं आणि काय नाही, तो अजून फ्रिजला चिकटवलेला आहे, मुलगा डबे भरताना तो बघूनच भरतो.

जीएसटीची तर गंमतच झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून चपाती-रोटीवरचा जीएसटी शून्य झाला, टीव्हीवर दोन दिवस तेच, आणि इकडे काउंटरवर एक काका रोज, काय हो, पोळीवरचा टॅक्स गेला ना, मग भाव तोच कसा? अहो काका, आमची उलाढाल वीस लाखांच्या आत, आम्ही जीएसटी कधी लावलाच नव्हता, तर कमी काय करू? आणि रेस्टॉरंटच्या बिलावर पाच टक्के होते ते पाचच राहिले. दादांनी चार ओळीत लिहून दिलं ते काउंटरला लावलं. काका अजूनही विचारतात ती गोष्ट वेगळी.

मुळात ह्यांचं ऑफिस टिकलंय कसं ते पण ऐकण्यासारखं आहे. त्यांचे वडील जकातीची, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरच्या कराची कामं करायचे, नाक्यावर कागद फिरवायचे, घर त्याच्यावर चाललं. १ एप्रिल २०१३ ला ठाण्यात जकात जाऊन एलबीटी, म्हणजे महापालिकेचा लोकल बॉडी टॅक्स आली आणि रातोरात काम संपलं. त्यांच्याबरोबरचे काही जण मुलुंड चेकनाक्याला सरकले कारण मुंबईची जकात जीएसटी येईपर्यंत, म्हणजे २०१७ पर्यंत चालू होती. वडील इथेच राहिले आणि एलबीटीचे हिशोब शिकले. तिकडे व्यापारी एलबीटीच्या विरोधात दुकानं बंद ठेवून बसले होते, आणि ह्यांच्याकडे त्याच व्यापाऱ्यांची रजिस्ट्रेशनसाठी रांग. ते जेमतेम बसतंय तोवर १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आतल्यांची एलबीटी माफ, म्हणजे ह्यांचं जवळजवळ सगळंच गिऱ्हाईक गेलं. मग जीएसटी. सरकारने पाट बदलला की नांगर उचलून दुसऱ्या वावरात, असं चाललंय त्यांचं. म्हणून असेल, पण कुठलाही जीआर (सरकारी निर्णय) आला की हा माणूस पहिल्यांदा तारीख आणि कोणाला लागू ते बघतो, बाकी मजकूर नंतर.

आता राहिलेला एक स्टार. एप्रिल २०२३ पासून राज्य सरकारने बायकांना प्रोफेशनल टॅक्समध्ये सूट वाढवली, महिन्याला पंचवीस हजारांपर्यंत पगार असेल तर काहीच कापायचं नाही. आधी ही मर्यादा दहा हजार होती. आमच्या चौघींचा पगार ह्या दोन्हींच्या मधला. तरी ह्यांच्या ऑफिसातला मुलगा जुनाच आकडा टाकून चलन पाठवत राहिला, डोक्यामागे दोनशे रुपये, आणि आम्ही कापत राहिलो. हे कळलं कसं, तर जावेच्या मैत्रिणीच्या पगाराच्या स्लिपवरून! पोळ्या लाटणाऱ्या बाईला महिन्याचे दोनशे म्हणजे गंमत नाहीये. ज्याच्यासाठी आम्ही पैसे देतो तेच नेमकं चुकलं, मग स्टार का नाही कापायचा? दादांनी वाद घातला नाही, चार पाकिटं घेऊन आले आणि प्रत्येकीच्या हातात स्वतः दिली, ते मान्य. पण स्टार परत देणार नाही.

ह्यांचा व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप म्यूट करून ठेवा. बातमी, अफवा, मसुदा, जीआर सगळं एकाच दमात येतं. दीर घोडबंदरला रात्रभर चालणारा चहा-नाश्त्याचा कट्टा काढायच्या मागे आहेत, ऑक्टोबर २०२५ मध्ये दुकानं चोवीस तास उघडी ठेवायला हरकत नाही असं सरकारने परत स्पष्ट केलं तेव्हा ग्रुपवर नुसती हेडलाइन. समोर बसल्यावर मात्र दादांनी नीट सांगितलं की परवानगी २०१७ च्या कायद्यातच आहे, दारूची दुकानं आणि बार सोडून, पण प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी द्यावीच लागेल, म्हणजे दोन माणसांत रात्र निघणार नाही, तिसरा आधी बघा. दीर सध्या तिसरा शोधतायत.

जायचं असेल तर वर्षाचं ठरवून घ्या, आमचे सहा हजार होतात, सुट्या कामांना गेलात तर महाग पडेल. जे सांगतील त्याची कॉपी मागा, देतात, कुरकुर करत नाहीत. बाराच्या आधी कोणी भेटत नाही. आळीत गाडी लावायला जागा शोधू नका, गावदेवीच्या पार्किंगला लावा आणि चालत या.