चीर भरून काढणारा पारदर्शक थर: कोणतं पॉलिमर निवडायचं?

लवचिक टच सेन्सर किंवा त्वचेवर चिकटवायची पट्टी बनवायची आहे. त्यावरचा पॉलिमरचा (लांब साखळ्यांच्या रेणूंचा, प्लास्टिकसारखा) थर आरपार दिसायला हवा आणि चिरला तर स्वतःच सांधला जायला हवा. असं काम हाती घेतलं की बहुतेकांची नजर आधी ‘किती टक्के भरून आलं’ या आकड्यावर जाते. मी तो शेवटी बघेन. त्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: सांधायला उष्णता लागते का, आणि वीज नेमकी कशातून वाहणार आहे?

एक पर्याय सुरुवातीलाच बाद करू. २००१ साली इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी इपॉक्सीत (कडक होणाऱ्या राळेत) द्रव भरलेल्या सूक्ष्म कुप्या मिसळल्या. चीर कुपीपर्यंत पोचली की कुपी फुटते आणि द्रव पसरून घट्ट होतो. युक्ती झकास, पण एका जागी एकदाच चालते. शिवाय कुप्यांचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कैक पट, म्हणजे थर गढूळ दिसणार.

खरी निवड आहे ती तुटून पुन्हा जुळणाऱ्या रेणूंमधल्या बंधांमध्ये.

डील्स-आल्डर बंध (फ्युरान आणि मॅलेइमाइड या दोन रासायनिक गटांची जोडी) तापवल्यावर सुटतात आणि निवताना पुन्हा जुळतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतून २००२ मध्ये असं पारदर्शक, कडक पॉलिमर पुढे आलं. एरवी ते घट्ट राहतं, ताणाखाली हळूहळू ओघळत नाही. अडचण उष्णतेची. १२० अंश सेल्सिअसच्या पुढे बंध मोठ्या प्रमाणावर सुटतात, आणि त्या तापमानाला खालची पीईटी (पॉलिएस्टर प्लास्टिकची) फिल्म आकार सोडू लागते. ओएलईडी पडद्याचे प्रकाश देणारे सेंद्रिय थर शेजारी असतील तर विचारायलाच नको. त्याच विद्यापीठात पुढे अशा पॉलिमरच्या पृष्ठभागात चांदीच्या नॅनोतारा (केसाहून कैक पट बारीक तारा) रुतवून टच सेन्सर केले गेले. ते ८० अंशांच्या आसपासही सांधले गेले. इथे पॉलिमर जुळताना तुटलेल्या तारांची टोकंही जवळ आणतं, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. टच पडद्यांतला नेहमीचा पारदर्शक वाहक, म्हणजे इंडियम टिन ऑक्साइडचा थर, दोन-तीन टक्के ताणातच तडकतो. खालचं पॉलिमर कितीही सांधलं, तरी त्या तड्यातून वीज जात नाही.

हायड्रोजन बंधांना उष्णता नको. पॅरिसमध्ये २००८ साली तयार झालेल्या रबराचे कापलेले तुकडे नुसते एकमेकांना टेकवले की खोलीच्याच तापमानाला जोडले जात. मात्र कापलेले पृष्ठभाग बराच वेळ उघडे राहिले तर जोड कच्चा पडतो, आणि मऊपणामुळे असं साहित्य ताणाखाली सरकतं. पाण्याचे रेणू हे बंध अडवतात, ही आणखी एक डोकेदुखी. स्टॅनफर्डच्या गटाने २०१८ मध्ये सिलिकोनच्या साखळीत बळकट आणि कमजोर हायड्रोजन बंध एकत्र गुंफले. तो इलास्टोमर (रबरासारखं पॉलिमर) पाण्यात, कृत्रिम घामातही सांधला. त्वचेवरच्या पट्टीसाठी मी हाच घेईन, डोळे झाकून. फक्त तो स्वतः वीजवाहक नाही, वाहक थर वेगळा द्यावा लागतो.

तिसरा मार्ग आयनांचा, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणू-रेणूंचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेत फ्लुओरीनयुक्त पॉलिमर आणि आयनिक द्रव (द्रवरूप क्षार) यांच्या मिश्रणातून पारदर्शक वाहक तयार झाला. मूळ लांबीच्या ५० पट ताणला जातो, कापला तर साधारण दिवसभरात सांधतो. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाने २०१९ मध्ये याच धर्तीवर पाण्याखालीही सांधणारी इलेक्ट्रॉनिक त्वचा दाखवली. इथे पॉलिमर हाच वाहक, त्यामुळे तारांची टोकं जुळवण्याची कटकट नाही. पण वीज आयन नेतात, इलेक्ट्रॉन नाही. एकाच दिशेचा प्रवाह सतत सोडला तर इलेक्ट्रोडपाशी रासायनिक क्रिया सुरू होतात. स्पर्श ओळखायला उत्तम, डिस्प्लेला वीज पुरवायला निरुपयोगी.

बाजाराचं म्हणाल तर २०१३ च्या एलजी जी फ्लेक्सवर ओरखडे भरून काढणारा लेप होता, पण फोनच्या पाठीवर. पडद्यावर नव्हे.

स्थिर टच पॅनेल असेल आणि तो तापवणं शक्य असेल, तर माझं मत डील्स-आल्डर आणि चांदीच्या तारांना. हायड्रोजन बंधांचा नमुना हाती आला की ताजा काप लगेच जोडून बघू नका. कापलेले तुकडे रात्रभर उघडे ठेवा, कोकणात असाल तर भर पावसाळ्यातच, आणि सकाळी टेकवा.