साध्या काट्याचा एफएम रेडिओ: उन्हाळा ते दिवाळी वापरून

उन्हाळ्यात घेतलेला, दिवाळी होऊन गेली, आता लिहायला हरकत नाही. काटा फिरवायचा साधा सेट, एफएम, मिडियम वेव्ह, ब्लूटूथ, आत चार्जिंगची बॅटरी. असले सेट वेगवेगळ्या नावांनी मिळतात, सांगलीत मारुती रोडला बघा.

स्पीकर लहान, बेस जवळपास नाहीच. मिरजेत सतारमेकर गल्लीत एका मित्राला ऐकवला तर तो म्हणाला तंबोरा कुठं गेला? बरोबर आहे, खर्ज गायब होतो. पण माणसाचं बोलणं लई स्पष्ट येतं, आणि त्यामुळंच कळायला लागलं कुठला आरजे बोलतोय आणि कुठला नुसता ओरडतोय. खासगी एफएमवाले आवाज प्रोसेसरमधून दाबून काढतात, हळू ते वर, मोठं ते खाली, सगळं एकाच उंचीला, गाडीत ते बरं पडतं कारण इंजिनच्या आवाजातही ऐकू येतं, पण सकाळी स्वयंपाकघरात या सेटवर तेच डोकं उठवतं. त्यात गाण्याचं सुरुवातीचं म्युझिक चालू असताना आरजे बोलत राहणार आणि गायकानं तोंड उघडायच्या आत बरोब्बर थांबणार. सराव लागतो त्याला, मान्य, पण प्रत्येक गाण्याला कशाला? आईला नेमकं तेच म्युझिक ऐकायचं असतं.

आणि गाणी आरजे निवडतो असं कुणाला वाटत असेल तर बहुतेक स्टेशनांवर तसं नसतं, यादी म्युझिकवाले आणि सॉफ्टवेअर ठरवतं, याच्या वाट्याला दोन गाण्यांमधली लिंक, म्हणजे मधलं बोलणं. स्वतःच्या बातम्या द्यायलाही परवानगी नाही, आकाशवाणीच्याच घ्याव्या लागतात. मग राहिलं काय, फोन आणि फिरक्या. तरी जो आपल्यासारखं बोलतो, उगाच पुणेरी होत नाही, त्याच्यासाठी काटा थांबतोच.

याच्या उलट विविध भारतीचं छायागीत, रात्री दहाला. तिथं गाणी निवेदकच निवडतो, एक विषय धरून, मधे दोन-तीन वाक्यं, ती पण गाण्याला धरून. ब्लूटूथ मी यासाठीच वापरतो, मोबाईलवर आकाशवाणीचं न्यूज ऑन एअर ॲप लावायचं आणि आवाज सेटवर. अमीन सयानींनी १९५२ पासून रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला केली, तिथं गाणी पुढं क्रमवारीनं लागायची, म्हणजे निवड त्यांची नव्हेच, पण क्रमांकाला ते 'पायदान', म्हणजे पायरी, म्हणायचे आणि लोक पुढच्या पायदानासाठी बसून राहायचे. म्हणजे यादी दुसऱ्याची असली तरी चालतं, बोलणारा पाहिजे.

म्हसवडला मावशीकडे सेट नेला होता, तिथं ९०.४ वर माणदेशी तरंग. कम्युनिटी रेडिओ, पॉवर कमी, गावापासून लांब गेलं की संपलं. बोलणारी गावातलीच, अडखळतात, मधेच हसतात, आवाज सपाट, आणि मावशीनं स्टेशन बदलू दिलं नाही.

बाकी बॅटरी ठीक, मोठ्या आवाजात लवकर उतरते. काटा सैल आहे, जवळजवळची स्टेशनं एकमेकांत घुसतात, एरियल थोडी तिरकी केली की सुटतात. मिडियम वेव्हवर दिवसा फार काही धरत नाही, रात्री लांबची स्टेशनं येतात, पण शेजारी मोबाईलचा चार्जर किंवा स्वस्तातला एलईडी बल्ब असेल तर नुसती घरघर, तेवढं बंद करून बघा मगच दुकानदाराशी भांडा.