अरे, आवाज कुणाचा?

न्यू जर्सीच्या भाच्याने येताना 'वेस्ट साइड स्टोरी' (१९६१) या न्यूयॉर्कमधल्या दोन टोळ्यांच्या वैरावरच्या अमेरिकन संगीतपटाची ब्ल्यू-रे डिस्क आणली. आमच्या प्लेअरने ती घेतलीच नाही. डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालेल, ते तिच्या 'रीजन'वर ठरतं: अमेरिकेतली डिस्क 'ए' रीजनची, आपल्याकडे चालतो 'सी'. तिकडून मागवणाऱ्यांनी आधी हे बघून घ्या. शेवटी शेजारच्या मुलाने त्याचा मल्टी-रीजन प्लेअर आणून जोडून दिला.

एकशे बावन्न मिनिटांत मी पाहिली ती अनिता झालेली रिटा मोरेनो. डोंबिवलीत चाळीस वर्षं कथक शिकवतेय, त्यामुळे डोळा आधी पायांवर जातो. गच्चीवरच्या 'अमेरिका' गाण्यात मात्र तो तिच्या मानेवरच अडकला. पायांचं काम सगळ्याच जणी चोख करतात. ही झग्याचा घेर मुठीत धरून फटकारते आणि त्याच ठेक्यावर हनुवटी अशी उचलते, की समोरच्या पुरुषाला गाण्याच्या ओळीआधीच उत्तर मिळतं. तेवढा तुकडा मी क्लासच्या मुलींना आवाज बंद करून दाखवला. दोघी-तिघी लगेच हनुवट्या उडवायला लागल्या, घेर राहिला बाजूलाच!

चित्र फार स्वच्छ आहे. इतकं, की प्वेर्तो रिकन (प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावरून आलेल्यांच्या) टोळीच्या तोंडाला फासलेला एकाच छापाचा तपकिरी मेकअप लपत नाही. जन्माने प्वेर्तो रिकन असलेल्या मोरेनोलाही तोच. आपण त्याबद्दल तक्रार केली होती, असं तिने पुढे मुलाखतींत सांगितलंय.

मग येतं 'अ बॉय लाइक दॅट'. अनिताच्या प्रियकराचा खून झालाय, आणि खुन्यावरच प्रेम करणाऱ्या त्याच्या बहिणीवर, मारियावर, ती भडकलीय. ओठ मोरेनोचे, राग तिचाच, पण आवाज बेटी वँडचा. म्हणे पट्टी मोरेनोला फार खालची होती. आता आपल्याला प्लेबॅकचं काय अप्रूप? जयश्री गडकरांच्या 'बुगडी'ला आशाबाईंचा आवाज, तो कधी कुणाला परका वाटला? पण 'अमेरिका' मोरेनोनेच गायलंय. ते कानात असताना त्याच बाईच्या तोंडून दुसरीच कुणी गायला लागते, म्हणून खटकतं. आणि हीच मुलगी अकराव्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन चित्रपटांच्या स्पॅनिश आवृत्त्यांसाठी दुसऱ्यांना आवाज देत होती!

ऑस्कर याच अनितासाठी. मग ग्रॅमी, टोनी आणि १९७७ साली 'मपेट शो'साठी एमी. बाहुल्यांबरोबर काम करून अमेरिकेतल्या मोठ्या पुरस्कारांची चौकडी पूर्ण केली बाईने.

डिस्कला पाचपैकी चार. एक गुण त्या उसन्या आवाजाचा कापला, डिस्क बनवणाऱ्याचा त्यात दोष नसला तरी.

याच गोष्टीवरच्या २०२१ च्या नव्या चित्रपटात नव्वदीला आलेली मोरेनो दुकानवाली व्हॅलेंटिना झालीय आणि 'समव्हेअर' गाते. आवाज कापतो, पण तिचा आहे. भाच्याला सांगून ठेवलंय, पुढच्या खेपेला तीही डिस्क आण. रीजन बघून.