फ्लूची लस, जुळे सोलापुरातला लहान मुलांचा दवाखाना: पाचपैकी चार

आमचा शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना. शाळा उघडायच्या आधी मान वर करायला फुरसत नसते, आणि पोरांना फ्लूची लस नेमकी तेव्हाच, पाऊस लागायच्या आत टोचून घेतलेली बरी. टोचल्यावर अंगात ताकद तयार व्हायला दोनेक आठवडे जातात, आणि आपल्याकडं फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो. म्हणून कामं टाकून चार वर्षांच्या लेकाला घेऊन गेले.

पहिली मार्काची गोष्ट म्हणजे सिस्टर. फ्रीजमधून खोकं काढलं की आधी आपल्या हातात देतात: एक्स्पायरी बघा, हंगामाचं साल बघा. फ्लूचा विषाणू रूप पालटत राहतो, म्हणून लस दरवर्षी नव्यानं ठरवतात. मागच्या हंगामाचा उरलेला माल गळ्यात मारून घ्यायचा नाही. फ्रीजच्या दारावर तापमानाची वहीही टांगलेली आहे. २ ते ८ अंश पाहिजे, आणि सोलापूरचा उन्हाळा नि इथली लाईट माहीत असणाऱ्याला ती वही बघून किती बरं वाटतं ते सांगायला नको.

खोक्यावर विषाणूंची तीनच नावं होती. मागं घेतलेल्यांकडून चार प्रकारांची लस ऐकली होती, म्हणून विचारलं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, चौथा, बी यामागाता, मार्च २०२० नंतर जगात खात्रीनं कुठं सापडलेला नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनंच तो वगळायला सांगितलाय. बाहेर एवढी गर्दी असून घाई केली नाही.

खरी मजा सासूबाईंची. आमच्या घरात अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही, आणि त्यांना कुणीतरी सांगितलेलं की ही लस अंड्यातून करतात. त्यांनी तोंडावरच विचारलं. मॅडमनी लपवलं नाही. बहुतेक फ्लूच्या लसी कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवून, मग तो मारून, गाळून करतात, असं सरळ सांगितलं. मेलेल्या विषाणूनं फ्लू होत नाही, एखाद दिवस कणकण येईल, दंड दुखेल, एवढंच. सिस्टरनी तेच परत कानडीत समजावलं. सासूबाई जरा गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "औषध म्हणून चालतंय. पण घरी कुणी विषय काढू नका."

आता एक मार्क का कापला. तापानं फणफणलेली पोरं आणि लसीला आलेली ठणठणीत पोरं एकाच बाकावर. फ्लूची लस घ्यायला जायचं आणि तिथूनच फ्लू घेऊन यायचा, याला काय अर्थ आहे? लसीसाठी सकाळची वेगळी वेळ ठेवली तर काय बिघडतं? टोकन दिलं तरी ओळखीवाले मधेच घुसतात, तो भाग वेगळाच.

पैशाचं सांगते. ही लस सरकारी वेळापत्रकात नाही, त्यामुळं पोलिओ-गोवरासारखी फुकट मिळत नाही. आणि नऊ वर्षांच्या आतलं पोर पहिल्यांदाच घेत असेल तर एकावर भागत नाही, चार आठवड्यांनी दुसरा डोस लागतो. पुढं दरवर्षी एकच. दोन्हींचे पैसे धरूनच जा. इथं खोक्यावरच्या छापील किमतीपेक्षा जास्त घेतले नाहीत, टोचायचे वेगळे लावले नाहीत, पावती न मागता दिली. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देत नाहीत, त्यामुळं तान्ह्याला उगाच उन्हात घेऊन येऊ नका.

टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. पोरं कंटाळतात, पण रिअ‍ॅक्शन आलीच तर डॉक्टर समोर असलेले बरे. पाण्याची बाटली घरनंच न्या, तिथला कूलर नावालाच आहे. दुसऱ्या डोसची तारीख फाइलवर लिहून देतात आणि आदल्या दिवशी फोनही करतात. आम्हाला आला, तोही कानडीत, थेट सासूबाईंना.