अँकीड्रॉइड: पाठांतराला उत्तम, गणितं सोडवायला निरुपयोगी

सेमिस्टर संपत आलं की नाशिकच्या कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या अभ्यासिकांमध्ये हायलायटरचा खप वाढतो. झेरॉक्सची पानं पिवळी-गुलाबी होतात आणि तीच पानं तिसऱ्या-चौथ्यांदा वाचली जातात. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून तयारी झाल्यासारखी वाटते, आणि पेपर हातात पडल्यावर पान डोळ्यांसमोर दिसतं पण मजकूर आठवत नाही. २०१३ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या होत्या. त्यात पुन्हा वाचणं आणि अधोरेखित करणं कमी उपयोगाच्या गटात गेलं. स्वतःची परीक्षा घेणं आणि अंतर ठेवून उजळणी करणं या दोनच पद्धतींना सगळ्यात वरचा दर्जा मिळाला. अँकी हे प्रश्नोत्तरांच्या कार्डांचं ॲप नेमक्या या दोन गोष्टी करतं. बाकी काहीच करत नाही, हेही आधीच सांगितलेलं बरं.

कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. उत्तर मनात आठवायचं, मग कार्ड उलटायचं आणि चारपैकी एक बटण दाबायचं: अगेन, हार्ड, गुड, इझी. कार्ड पुन्हा कधी दाखवायचं हे ॲप ठरवतं. पहिल्या दिवशी एका मिनिटानं, मग दहा मिनिटांनी, मग दुसऱ्या दिवशी आणि येत गेलं तसं अंतर वाढत जातं. २००६ पासून हे सॉफ्टवेअर आहे. संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट, जाहिरातींशिवाय. आयफोनवर मात्र विकत घ्यावं लागतं, २४.९९ डॉलरना. प्ले स्टोअरवर मिळत्याजुळत्या नावाची बरीच ॲप आहेत, त्यातली काही महिन्याला पैसे मागतात. घ्यायचं ते 'अँकीड्रॉइड', म्हणजे अँकीची अँड्रॉइडवरची आवृत्ती. नाव वाचूनच डाउनलोड करा.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो हार्ड या बटणावर. उत्तर आठवलं नाही की अनेक जण लाजेकाजेस्तव हार्ड दाबतात. ॲपच्या हिशेबात हार्ड म्हणजे 'आठवलं, पण कष्टानं'. म्हणजे न आलेलं कार्ड आलं असं नोंदवलं जातं आणि पुढची तारीख लांब पडते. नाही आलं तर अगेन, एवढा एक नियम पाळला तरी निम्मे प्रश्न सुटतात. खरं तर अगेन आणि गुड या दोनच बटणांवर पूर्ण सेमिस्टर निघतं.

सेटिंगमध्ये फार शिरायची गरज नाही. डेक म्हणजे कार्डांचा गठ्ठा. डेक ऑप्शन्समध्ये खाली एफएसआरएस नावाचा पर्याय आहे, तो चालू करा. २०२३ च्या अखेरीस आलेली ही वेळापत्रकाची नवी पद्धत जुनीपेक्षा सरस आहे. त्यात 'किती टक्के लक्षात राहायला हवं' हा आकडा ९० असतो, तो तसाच ठेवा. ९५ केला तर पाचच टक्क्यांसाठी रोजच्या उजळण्या झपाट्यानं वाढतात आणि तिसऱ्या आठवड्यात ॲप बंद पडतं, म्हणजे वापरणारा बंद पडतो.

रोजची नवी कार्डं मुळात २० असतात. कॉलेजच्या विद्यार्थ्यानं १५ करावीत. हिशेब सरळ आहे. १५ आठवड्यांच्या सेमिस्टरमधले शेवटचे तीन आठवडे नवं काही न घेता सोडले, तर ८४ दिवस उरतात. ८४ गुणिले १५ म्हणजे १,२६० कार्डं, पाच विषय धरले तर विषयामागे अडीचशे. एवढ्यात थिअरीचा चांगला विषय बसतो. काही आठवड्यांनी रोजच्या उजळण्या शंभर-दीडशेवर जातात, कार्डामागे आठ-दहा सेकंद धरली तर पंधरा ते पंचवीस मिनिटं. सिन्नर किंवा ओझरहून बसनं ये-जा करणाऱ्यांचं काम वाटेतच उरकतं, कारण ॲपला इंटरनेट लागत नाही. उत्साहाच्या भरात रोज साठ नवी कार्डं घेत राहिलं, की महिन्याभरात रोज पाचशेचा डोंगर समोर उभा राहतो. ॲप सोडून देण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. असं झालं तर नवी कार्डं शून्यावर आणा आणि थकलेली उरकेपर्यंत शून्यावरच ठेवा.

आता कार्डं. सगळं यश-अपयश इथे ठरतं. 'हृदयाची रचना सांगा' हे कार्ड होऊ शकत नाही. उत्तर अर्ध्या पानाचं, मग आलं की नाही आलं हे ठरवणार कसं? त्याऐवजी 'उजवा अलिंद आणि उजवा निलय यांच्यामधली झडप कोणती?' आणि उत्तर एकच: 'ट्रायकस्पिड'. तिला किती दलं, हे दुसरं कार्ड. एका कार्डात एकच गोष्ट. यादी असेल तर क्लोझ प्रकार वापरा, म्हणजे वाक्यातला एक शब्द गाळलेला असतो. बर्नूलीच्या समीकरणाची चार गृहीतकं एकाच कार्डात विचारली तर रोज तीनच आठवतात आणि कार्ड रोज परत येतं. चार रिकाम्या जागांची चार कार्डं केली की अडचण संपते. एखादं कार्ड आठ वेळा विसरलं गेलं की ॲप त्याला 'लीच' (जळू) अशी खूण लावतं. ते तसंच चालू ठेवू नका, मोडून नव्यानं लिहा. चूक बहुधा लिहिण्यातच असते.

मराठी माध्यमातून बारावी करून इंग्रजीतून शिकायला आलेल्यांसाठी या ॲपचा एक उपयोग फारसा कोणी सांगत नाही. निफाड, कळवण, सुरगाण्याहून येणाऱ्या मुलांना पहिल्या सेमिस्टरला विषय अडत नाही, शब्द अडतात. संवेग म्हणजे मोमेंटम, जडत्व म्हणजे इनर्शिया, अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन. दोन्ही दिशांनी विचारणारा कार्डाचा प्रकार ॲपमध्ये तयार आहे, तो निवडला की एका नोंदीतून दोन कार्डं होतात. पहिल्या महिन्यात विषयामागे चाळीस-पन्नास शब्द असे घातले की वर्गात फळ्यावर काय चाललंय ते कळायला लागतं.

देवनागरीबद्दल मात्र सावध राहावं लागतं. झेरॉक्सच्या दुकानात टाइप केलेल्या नोट्स पुष्कळदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतात. त्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की कार्डात इंग्रजी अक्षरांची खिचडी येते. तो मजकूर दुरुस्त करत बसण्यापेक्षा हातानं टाइप करणं लवकर होतं, आणि तेवढ्यात एक उजळणीही होते. एक्सेलमध्ये दोन रकाने भरून एकदम कार्डं आणायची असतील तर फाइल 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणूनच सेव्ह करा. साधं सीएसव्ही निवडलं की सगळ्या मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. उत्तर टाइप करून तपासायची सोय मराठीसाठी टाळा. ती अक्षर न् अक्षर जुळवते, एक ऱ्हस्व-दीर्घ चुकला तरी लाल खूण देते.

आकृत्यांसाठी 'इमेज ऑक्लुजन' आहे: चित्रातल्या नावांवर पट्ट्या टाकायच्या आणि एकेक पट्टी विचारायची. हे काम संगणकावर करा, मोबाइलवर बोटानं पट्ट्या नीट बसत नाहीत. ॲनाटॉमीवाल्यांना एवढ्याच कारणासाठी ॲप घ्यायला हरकत नाही. मेडिकल, आयुर्वेद, नर्सिंग, फार्मसी या शाखा म्हणजे या ॲपचं माहेर. आयुर्वेदाचे श्लोक असतील तर आधीचा चरण दाखवून पुढचा विचारायचा. अख्खा श्लोक एका कार्डात नको.

बी.कॉम.ला लाभ अर्धाच. 'रिअल अकाउंटला काय डेबिट, काय क्रेडिट?' हे कार्ड चालेल: येणारं डेबिट, जाणारं क्रेडिट. पण फायनल अकाउंट्सचं गणित कार्डावर सुटत नाही. त्याला वही, पट्टी आणि तासभर बैठकच हवी. इंजिनिअरिंगच्या एम-थ्रीचंही, म्हणजे तिसऱ्या गणिताच्या पेपरचंही, तेच. सूत्र आणि ते कधी लागू पडतं एवढं कार्डात घाला, उदाहरणं कागदावर सोडवा. आणि थिअरीचा पेपर लिहायचा असतो हे ॲपला ठाऊक नाही. अडीच तासांत ७० गुणांचा पेपर असेल तर गुणामागे दोन मिनिटांच्या थोडं वर मिळतात. आठवड्यातून एकदा तरी घड्याळ लावून, जुन्या प्रश्नपत्रिकेतली दोन उत्तरं पेननं पूर्ण लिहिली नाहीत, तर सगळं आठवत असूनही शेवटचा प्रश्न कोरा राहतो.

दुसऱ्यांनी केलेले तयार डेक फुकट मिळतात. ते घेऊ नका असंच म्हणेन. एक तर कार्ड लिहिताना जे समजतं ते हातचं जातं, आणि माहिती शिळी असू शकते. लॉच्या विद्यार्थ्यांसाठी तर हे धोक्याचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ चं १०३ झालं, पण जुनी कलमं पाठ करून घेणारे डेक अजून फिरतात. अपवाद फक्त इंग्रजी शब्दसंग्रहाच्या डेकचा.

फोन हातात घेतला की बोट आपोआप रील्सकडे जातं, अशी ज्यांची तक्रार आहे त्यांनी हेच काम कागदावर करावं. रविवार कारंजा-एम.जी. रोडच्या कागदाच्या दुकानांतून ए-फोर कार्डशीट घ्या आणि एका शीटचे आठ तुकडे कापून मागा. बुटांच्या खोक्यात पाच कप्पे: रोज, दिवसाआड, चार दिवसांनी, आठवड्यानं, पंधरवड्यानं. आलेलं कार्ड एक कप्पा पुढे, चुकलेलं थेट पहिल्यात. हजार कार्डांनंतर सांभाळणं जड जातं, पण एक-दोन विषयांना हे ॲपइतकंच चालतं.

ॲप घेतलंच तर पहिल्याच दिवशी अँकीवेबचं (अँकीच्याच सर्व्हरवरचं) फुकट खातं उघडून सिंक करा. ॲप काढून टाकलं की फोनमधली कार्डंही जातात. आणि नव्या फोनवर पहिल्यांदा सिंक करताना 'अपलोड की डाउनलोड' असं विचारलं तर डाउनलोड निवडा. घाईत अपलोड दाबलं, की रिकामा फोन सर्व्हरवरची सेमिस्टरभराची कार्डं पुसून टाकतो.