जंत, कॅन्सर आणि साडेअठरा हजार

दिवाळीनंतर पेपरातून पत्रक पडलं, 'फुल बॉडी चेकअप फक्त 100 रुपयांत'. मामा पोटाच्या कॅन्सरने जाऊन वर्षही झालं नव्हतं, आई धास्तावलेलीच होती. मंगल कार्यालयातल्या त्या शिबिराला तिला मीच नेलं.

रक्त नाही, लघवी नाही. आईने एक स्टीलची दांडी मुठीत धरली, दांडीची वायर लॅपटॉपला, आणि मिनिटभरात चाळीस पानी रिपोर्ट! पांढऱ्या कोटातला माणूस म्हणाला, "काकू, आतड्यात जंत भरलेत. यातूनच पुढे कॅन्सर होतो." मी कुरकुर केली तर त्याने मोबाइलवर जागतिक आरोग्य संघटनेचं, कॅन्सर करणाऱ्या कृमींच्या यादीचं पान पुढे केलं. मी गप्प. 18,500 रुपयांचा कोर्स गळ्यात पडला: कॅप्सूल आणि रात्री पाण्यातून घ्यायची पावडर. वर सल्ला असा की लोहाच्या गोळ्या बंद करा, जंत लोहावरच पोसतात.

तिसऱ्या दिवसापासून शौचातून लांब, बुळबुळीत दोऱ्या पडू लागल्या. फोन केला तर तो खुशीत, "बघा, मरून पडतायत!" आमचा विश्वास आणखी घट्ट.

दीड महिन्यात आईला जिना चढवेना. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो, हिमोग्लोबिन 7 वर आलं होतं. मी एक 'जंत' बाटलीत घालून नेला होता (हो, नेला होता). त्यांनी पावडर मागवली, चमचाभर पेल्यातल्या पाण्यात टाकली. दहा मिनिटांत पेल्यात तोच बुळबुळीत गोळा. इसबगोल! दोऱ्या म्हणजे त्याचा भुसा आणि आतड्यातली आव. शौचाच्या तपासणीत एक अंडंही सापडलं नाही. जंत असते तरी अल्बेंडाझोलची गोळी काही रुपयांत मिळते. जंतनाशक दिनाला शाळेत पोरांना फुकट देतात तीच.

मी त्या पानाचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, पान खोटं नसणार. ईशान्य थायलंडमध्ये नदीतले कच्चे मासे खातात, त्यातून यकृतात शिरणारा चपटा कृमी पित्तनलिकेत वर्षानुवर्षं राहतो आणि तिथे कॅन्सर होऊ शकतो. इजिप्तकडे दुसरा एक कृमी आहे, त्याने मूत्राशयाचा होतो. पण आपल्याकडे पोटात सापडतात ते गोल जंत किंवा अंकुशकृमी, त्यांचं नाव त्या यादीत नाही. अंकुशकृमी रक्त पितो, अंगातलं रक्त कमी होतं, आणि तेव्हा गोळीसोबत लोहच देतात. त्या भामट्याने नेमकं तेच बंद करायला लावलं होतं.

कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. पण पत्रकात कॅन्सर हा शब्दच नाही, पावतीवर नुसतं 'आहारपूरक'. बाकी सगळं तोंडी. फोन आता बंद लागतो. कार्यालयाच्या मालकाकडे पत्ता विचारला, तर हॉल रोख पैसे देऊन एका दिवसासाठी घेतलेला.

गेल्या रविवारी मावशीच्या गावात तसंच पत्रक पडलं. तीच दांडी, फी मात्र 50.